जुन्या सेसना १५२ चं वेट शेड्यूल हरवलंय, नव्याने वजन करायचं तर कसं?

वाघाडीकाठ

नमस्कार मंडळी. विषय जरा आडवळणाचा आहे, पण इथे विमानवाले लोक आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे.

आम्ही तिघांनी मिळून एक सेसना १५२ घेतलं, १९७९ चं. परराज्यातल्या एका बंद पडत आलेल्या क्लबकडून. सध्या ते यवतमाळ जिल्ह्यात एका शेडमध्ये उभं आहे. इंजिनाचं आणि एअरफ्रेमचं लॉगबुक व्यवस्थित मिळालं. वेट शेड्यूल (विमानाचं रिकामं वजन आणि तोलबिंदू यांचा नोंदकागद) म्हणून मात्र एक झेरॉक्स हातात आली, तीही अर्धी उडालेली. एकूण वजन १११८ पौंड वाचता येतं, सीजीचा (गुरुत्वमध्याचा) आकडा डागाखाली गेलाय, तारीख नाही, मागचं पान नाही. त्यानंतर विमानातला एडीएफ (जुनं दिशादर्शक रेडिओ यंत्र) काढलाय, रेडिओ बदललाय, सीटची गादी नवीन आहे आणि रंग तर उघडच नंतरचा आहे. यातल्या एकाही कामाची वजनाची नोंद नाही.

आमचा एक भागीदार म्हणतो, १११८ मधून एडीएफ वजा करा, रेडिओचा फरक लावा, झालं. नागपूरचे एएमई (विमान देखभाल अभियंता) म्हणतात नव्याने वजन करा. नव्याने करायचं तर काटे कुठून आणायचे, काय काय रिकामं करायचं, आणि खरंच एवढी गरज आहे का? जाणकारांनी सांगावं.

नट_बोल्ट

एएमई बरोबर सांगतायत. निवृत्त होईपर्यंत हेच काम केलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

बेरीज-वजाबाकी करून वेट शेड्यूल पुढे नेता येतं, त्यात गैर काही नाही. हँगरमध्ये रोज तेच चालतं. पण त्याला मागची प्रत्येक नोंद शाबूत लागते: अमुक तारखेला वजन केलं, तेव्हा विमानात अमुक वस्तू होत्या, नंतर हे काढलं, हे बसवलं, प्रत्येकाचं वजन इतकं आणि आर्म (ठरलेल्या रेषेपासूनचं अंतर) इतका. मधली एक कडी गेली की पुढचं सगळं गणित हवेत. तुमच्या १११८ मध्ये एडीएफ धरलेला होता की आधीच काढलेला? तेल धरलेलं होतं की नव्हतं? सांगू शकाल?

तेलाचा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. जुन्या नियमांखाली प्रमाणित झालेल्या विमानांच्या रिकाम्या वजनात फक्त निथळून न येणारं तेल धरायचे. १५२ च्या हँडबुकात पूर्ण तेल आणि न वापरता येणारं इंधन दोन्ही धरून रिकामं वजन काढतात. झेरॉक्सवर यातलं काही लिहिलेलं नसेल तर १११८ हा नुसता आकडा आहे, नोंद नव्हे.

तुमच्या भागीदारांना माझा एकच प्रश्न. रंग किती किलोचा आहे? जुना खरवडून नवा मारला की जुन्यावरच मारला? हे कोणत्या वजाबाकीत बसवणार?

जिनिंगवाला

राजेहो, एवढं डोकं कायले लावता? आमच्या जिनिंगच्या गेटवर धर्मकाटा आहे. कापसाची गाडी भरून तोलतो, रिकामी तोलतो, फरक घेतो. विमान घेऊन या, तोलून देतो. पावतीबी देतो छापील. पैसे नको, एक चक्कर मारून आणा म्हणजे झालं.

वाघाडीकाठ

@जिनिंगवाला भाऊ, चक्कर नक्की, कागद झाले की! पण विमान तुमच्या गेटपर्यंत आणायला पंख काढावे लागतील 😄

नट_बोल्ट

धर्मकाटा नको. एक तर तो उघड्यावर असतो. पंखावरून वारा गेला की पंख लिफ्ट देतो, आणि काट्यावर आकडा नाचायला लागतो. विमान बंद शेडमध्येच तोलायचं, दारं लावून, पंखे बंद करून.

दुसरं म्हणजे धर्मकाटा पाच-दहा किलोच्या टप्प्याने मोजतो. चाळीस क्विंटल कापसाला ते चालतं. आपल्याला प्रत्येक चाकाखालचं वजन वेगळं हवं असतं, आणि तिथे पाच-दहा किलो फार होतात. कसे, ते गणितवाल्यांनी सांगावं.

गणिताच्या_बाई

मी सांगते. वर्ध्याला शाळेत शिकवते. विमानाचा अनुभव फक्त तिकीट काढून बसण्याचा, पण आघूर्ण, म्हणजे मोमेंट (वजन गुणिले अंतर), ठाऊक आहे.

१५२ च्या हँडबुकात सूत्र असं आहे: सीजी = अ − (न × ब ÷ व). इथे 'अ' म्हणजे फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) पुढच्या पृष्ठापासून मागच्या दोन चाकांच्या रेषेपर्यंतचं आडवं अंतर, 'ब' म्हणजे नोजव्हीलपासून त्याच रेषेपर्यंतचं, 'न' नोजव्हीलवरचं वजन आणि 'व' तिन्ही चाकांचं मिळून. समजा अ ४७ इंच, ब ५८ इंच, नोजव्हीलवर ३३० पौंड, एकूण ११२० पौंड. सीजी येतो २९.९१ इंच. आता काट्याने नोजव्हीलला १० किलो, म्हणजे २२ पौंड, जास्त दाखवले. न ३५२, व ११४२. सीजी २९.१२. पाऊण इंचाहून जास्त फरक!

पाऊण इंच किरकोळ वाटेल. पण १६७० पौंड या पूर्ण वजनाला १५२ चा सीजी ३२.६५ ते ३६.५ इंच एवढ्यातच राहायला हवा. म्हणजे मुभाच सगळी मिळून ३.८५ इंचांची.

(मला एक प्रश्न पडला. रिकाम्या विमानाचा सीजी ३० च्या आत आणि पुढची मर्यादा, हलक्या वजनालासुद्धा, ३१. म्हणजे रिकामं विमान मर्यादेच्या बाहेरच आहे की!)

नट_बोल्ट

बाई, निरीक्षण पक्कं आहे. आणि तसं असणं चूक नाही. मर्यादा उडणाऱ्या विमानाला लागू, रिकामं विमान कुणी उडवत नाही. दोन माणसं ३९ इंचांच्या आसपास बसतात, इंधन ४२ वर, ते सगळं मिळून सीजी मागे आणतात. पण म्हणूनच रिकाम्याचा आकडा खरा लागतो, कारण पुढच्या प्रत्येक उड्डाणाचं गणित त्याच्यावर उभं.

पांढरकवडा_लोकल

मग काटे कोणते घ्यावं? आमच्या इकडं बाजार समितीत प्लॅटफॉर्म काटे आहेत, ५०० किलोचे.

नट_बोल्ट

तीन सारखे इलेक्ट्रॉनिक प्लॅटफॉर्म काटे, प्रत्येकी ५०० किलोचे, चालतील. हँडबुक मागच्या चाकांना प्रत्येकी १००० पौंडांची आणि नोजला ५०० पौंडांची क्षमता सांगतं. १००० पौंड म्हणजे ४५४ किलो. १०० ग्रॅमपर्यंत वाचणारे बघा.

वैधमापनवाल्यांचा शिक्का चालू असला पाहिजे, पण तेवढ्यावर विसंबू नका. तो शिक्का व्यापारासाठी असतो. कॅलिब्रेशनचं कोणतं प्रमाणपत्र चालेल ते सही करणाऱ्या एएमईला आधी विचारा, काटे आणून ठेवल्यावर नव्हे. डीजीसीएच्या (विमान नियामकाच्या) सीएआर या नियमावलीच्या सेक्शन २ मध्ये, सिरीज एक्सखाली, वेट अँड बॅलन्सचा स्वतंत्र भाग आहे, तोही वाचून ठेवा. आणि एक गोष्ट स्पष्टच सांगतो: इथे वाचून तुम्ही सराव करा, समजून घ्या, पण अधिकार असलेल्या एएमईच्या सहीशिवाय त्या कागदाला काडीची किंमत नाही.

आता तयारी. आधी विमान धुऊन पूर्ण वाळवा. मग आतून साफ करा, आणि साफ म्हणजे साफ. टेलकोनमध्ये (शेपटीकडच्या पोकळ भागात) टॉर्च मारून बघा. आपल्याकडे शेडमध्ये उभ्या विमानात कुंभारमाशी मातीची घरटी करते, उंदीर कापूस नेऊन ठेवतात. शेपटीकडचा आर्म १८० इंचांच्या घरातला. तिथे एक किलो माती असली तर रिकाम्याचा सीजी साधारण तृतीयांश इंच मागे दाखवतो. सीटखाली पेन, नाणी, पडलेले स्क्रू, गालिच्याखाली मुरलेलं पाणी, हेही बघा. टो-बार, दोर, चादर, कुणाची पाण्याची बाटली, सगळं बाहेर. अग्निशामक आणि प्रथमोपचार पेटी इक्विपमेंट लिस्टमध्ये असेल तर आत, नसेल तर बाहेर.

इंधन सम्प ड्रेनमधून पूर्ण काढा. तेलाचं दोनपैकी एक करा: पूर्ण काढा किंवा खुणेपर्यंत पूर्ण भरा. अर्धवट तेल ठेवून तोललं तर नंतर कोणी सांगू शकत नाही की किती होतं. टायरमध्ये हवा ठरलेली, फ्लॅप वर, कंट्रोल न्यूट्रल, सीट पूर्ण पुढे.

मग लेव्हल. १५२ ला टेलकोनच्या डाव्या बाजूला दोन लेव्हलिंग स्क्रू आहेत, त्यावर पाणसळ धरायची. बुडबुडा मध्ये येईपर्यंत नोजच्या टायरची हवा काढा नाहीतर नोजचा स्ट्रट (धक्के झेलणारा पाय) खालीवर करा. आणि ब्रेक सोडलेले हवेत. या विमानाचे मागचे पाय स्प्रिंग स्टीलचे आहेत, काट्यावर चढवताना ते फाकतात. ब्रेक लागलेले असले की टायर काट्याला आडवा रेटा देतो आणि वजन चुकीचं दिसतं. चाकं सरकू नयेत म्हणून ठोकळे लावाल, त्यांचं वजन वजा करायला विसरू नका.

भादवा_गरम

'अ' आणि 'ब' अंतरं पुस्तकातून नाही घेता येत? प्रत्येक विमानाला मोजायचं काहून?

नट_बोल्ट

स्ट्रट किती दबलाय, पाय किती फाकलेत यावर चाकाची जागा बदलते. मोजायचंच. फायरवॉलवरून ओळंबा सोडा, मागच्या दोन्ही चाकांच्या केंद्रांमध्ये ताणलेल्या दोरीपासून त्या ओळंब्यापर्यंत आडवं मोजा. नोजव्हीलच्या आसापासूनचं अंतर डावीकडून आणि उजवीकडून दोन्ही घ्या, सरासरी काढा. जमिनीवर खडूने खुणा करा, विमान सरकवल्यावरही तपासता येतात. स्टीलचा टेप घ्या, शिंप्याचा नको.

जुनापुष्पकवाला

धागा वाचून राहवलं नाही. आमच्या वेळी फ्लायिंग क्लबात पुष्पक होतं, एचएएलचं. पहिलं उड्डाण १९५८ चं, ९० हॉर्सपॉवरचं काँटिनेंटल इंजिन, दोघं शेजारी-शेजारी बसायचे, पूर्ण वजन ६१२ किलो. कापडाचं विमान. त्याला नोजव्हील नाही, शेपटीला चाक. त्यामुळे तोलताना शेपूट उचलून घोडीवर ठेवावी लागे, विमान उडतानाच्या पातळीत येईपर्यंत. काटा घोडीखाली. घोडीचं वजन वजा न करता कोणी आकडा लिहिला की मोठे साहेब वही फेकायचे.

आणि कापडी विमानाची गंमत अशी की डोपचे (कापड ताणणाऱ्या लेपाचे) थर चढत जातात तसं ते हळूहळू जड होत जातं. कागदावर मात्र दहा वर्षांपूर्वीचंच वजन. १५२ धातूचं आहे, तुमचं तेवढं तरी सुटलं.

भादवा_गरम

काका, पुष्पकवर वेगळा धागा काढाच. फोटो असतील तर टाका.

गणिताच्या_बाई

हँडबुकातले एकक पाहून एक शंका. गॅलन अमेरिकन की ब्रिटिश? १५२ ची वापरण्याजोगी टाकी २४.५ गॅलन म्हणतात. अमेरिकन धरले तर ९२.७ लिटर, ब्रिटिश धरले तर १११ च्या वर. फरक साडेअठरा लिटरचा, म्हणजे अ‍ॅव्हगॅसचे तेरा किलोहून जास्त.

नट_बोल्ट

अमेरिकन. गॅलनला ६ पौंड. हा घोळ मी प्रत्यक्ष पाहिलाय, म्हणून सांगतो: शेड्यूलवर प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहा, आणि एका तक्त्यात किलो-पौंड, इंच-मिलिमीटर मिसळू नका.

वाघाडीकाठ

मंडळी, अपडेट. काम झालं. काटे आपल्या जिनिंगवाला भाऊंनीच दिले, तिन्ही ५०० किलोचे. एएमईंनी आधी फोटो आणि प्रमाणपत्रं मागवून होकार दिला होता. भल्या पहाटे सुरू केलं, वारा नव्हता, दारं लावली. टेलकोनमध्ये घरटी निघाली, तीही खोऱ्याने काढावी इतकी. उंदराने मात्र कृपा केली होती.

तेल पूर्ण काढलं, इंधनही. ठोकळे वजा करून आलेले आकडे: डावं चाक १८०.५ किलो, उजवं १७९.२, नोज १४९.२. एएमईंनी विमान उतरवून पुन्हा चढवायला लावलं, काट्यांची अदलाबदल करून. फरक नगण्य. मग पौंडात ३९८, ३९५, ३२९. 'अ' ४७.० इंच, 'ब' ५८.०. बाई, पुढचं तुम्हीच करा. आमचं एएमईंनी केलेलं आहे, ताळा पाहू.

गणिताच्या_बाई

एकूण ११२२ पौंड. ३२९ × ५८ = १९०८२, भागिले ११२२ = १७.०१. सीजी २९.९९ इंच, मोमेंट ३३,६५२.

यात तेल मिळवायचं: ६ क्वार्ट, ११.२५ पौंड, आर्म −१४.७ (फायरवॉलच्या पुढे म्हणून उणे). मोमेंट −१६५. न वापरता येणारं इंधन १.५ गॅलन, ९ पौंड, आर्म ४०, मोमेंट ३६०.

बेरीज ११४२.२५ पौंड, मोमेंट ३३,८४७, सीजी २९.६३ इंच.

वाघाडीकाठ

तंतोतंत! एएमईंचंही हेच. झेरॉक्सवरच्या १११८ पेक्षा २४ पौंड जास्त, तेही एडीएफ काढल्यावर. भागीदार गप्प आहे.

नट_बोल्ट

भागीदारांना सांगा, ते २४ पौंड कुठून आले ते आता शोधत बसू नका. १११८ कुठल्या अवस्थेतलं हेच माहीत नाही, तर फरकालाही अर्थ नाही. रंग असेल, गादी असेल, आधीचंच चुकलेलं असेल.

त्यापेक्षा इक्विपमेंट लिस्ट आजच्या आज करा. हँडबुकात यादी आहे, प्रत्येक वस्तूपुढे वजन, आर्म आणि अक्षर: आर म्हणजे सक्तीची, एस म्हणजे स्टँडर्ड, ओ आणि ए म्हणजे ऐच्छिक. विमानासमोर उभे राहून एकेक वस्तू हाताने दाखवत खूण करा. रेडिओचा मॉडेल नंबर डब्यावरून लिहा, आठवणीतून नको. या यादीवर तोलल्याचीच तारीख हवी. पुढे कोणी ट्रान्सपाँडर बदलला की याच यादीत काट मारून नवी ओळ यायची. वजन करायला लोक उत्साहाने जमतात, यादीच्या वेळी चहाला जातात. तुमची झेरॉक्स निकामी झाली ती डागामुळे नाही, तिच्यासोबत यादी नव्हती म्हणून.

पांढरकवडा_लोकल

आता साध्या भाषेत सांगा, किती माणसं बसतील? आमचे दोन गडी आहेत, एक ९५ किलोचा, एक ८५.

गणिताच्या_बाई

१६७० − ११४२ = ५२८ पौंड हातात, म्हणजे जेमतेम २४० किलो. तुमचे दोघे मिळून १८० किलो, ३९७ पौंड. टाकी पूर्ण भरली तर १४७ पौंड. बेरीज १६ पौंडांनी जास्त. म्हणजे निदान दहा लिटर इंधन कमी घ्यावं लागेल.

समजा १८ गॅलन घेतलं. एकूण १६४७ पौंड, सीजी ३२.७०. त्या वजनाला पुढची मर्यादा येते ३२.५३. आत आहे, पण ०.१७ इंचाने! आणि इंधन ४२ वर असल्यामुळे जसं जळेल तसा सीजी आणखी पुढे सरकतो. मर्यादाही वजनाबरोबर थोडी सैल होते म्हणून सुटतं, टाकी रिकामी होईतो फरक ०.०८ वर येतो. पण हे दोघे ३९ इंचांवर बसलेत असं धरून. सीट दोन इंच पुढे ओढून बसले तर सुरुवातीलाच मर्यादेबाहेर.

भादवा_गरम

मी आजवर फक्त 'मागे जड झालं तर धोका' एवढंच ऐकत आलो.

नट_बोल्ट

मागचा धोका जास्त घातकी, विमान अस्थिर होतं, स्पिनमधून (गिरक्या घेत खाली पडण्यातून) निघायला तयार होत नाही. पण पुढे जड असलं तर उतरताना नाक उचलायला एलेव्हेटर (शेपटीची हलती आडवी पट्टी) पुरत नाही, नोजव्हीलवर आपटतं. आणि स्टॉलचा (ज्याखाली पंख उचल देईनासे होतात तो) वेगही वाढतो.

या जोडीला सोपा उपाय, सामानाच्या जागेत दहा किलो बांधून ठेवा. ६४ इंच धरा. बाई?

गणिताच्या_बाई

एकूण १६६९, सीजी ३३.११, मर्यादा ३२.६५. जवळजवळ अर्धा इंच मोकळीक. वजन मात्र काठावर, एक पौंड उरतो.

नट_बोल्ट

म्हणजे मग इंधन अजून थोडं कमी. आणि सामान ठेवलं असताना स्पिनचा सराव बंद, हँडबुक तसं सांगतं. ही तीन-चार उदाहरणं टाइप करून विमानात ठेवा, उन्हात धावपट्टीवर उभं राहून कोणी मोमेंट काढत नाही.

वाघाडीकाठ

ठेवतो. शेड्यूलची सही झालेली मूळ प्रत एएमईंच्या सल्ल्याने लॉगबुकसोबत, एक प्रत विमानात, एक स्कॅन तिघांच्या मेलवर. इक्विपमेंट लिस्ट परवा पूर्ण केली. त्यात कळलं की एडीएफचा डबा काढला होता, पण अँटेना आणि वायरिंग अजून पोटाखाली तसंच आहे! ते काढायचं ठरलं की पहिली नोंद त्याचीच होईल. रेडिओ बदललाय म्हणून कंपास स्विंगही (होकायंत्राची चूक तपासणं) करायला सांगितलंय, त्याचा वेगळा धागा काढतो.

जिनिंगवाला

अभिनंदन बाप्पा! काढा धागा. पण ते तिन्ही काटे गुरुवारपर्यंत पाठवून द्या, गाड्या लागायला सुरुवात झाली. आणि तुमच्या पत्र्याच्या पाखराचा डाग पडलाय एकावर, तेलाचा. कापूस खराब होते त्याच्यानं, पुसून पाठवा.